वारा उलटा होता, अण्णा

अण्णा, तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले आणि पंधरा दिवस मी एकच वाक्य ऐकते आहे. किती शांत माणूस होता. वरच्या मजल्यावरचे काका हेच म्हणाले. तुमच्या विक्रोळीच्या कंपनीतले चार निवृत्त मित्र एकाच रिक्षात कोंबून आले, तेही हेच म्हणाले. गावाहून आलेल्या चुलतवहिनी तर दारातूनच हे म्हणत आत आल्या. मी सून आहे, मी मान हलवते आणि चहा देते. पण यांच्यापैकी एकानेही तुमचं जहाज ऐन श्रावणात समुद्रात घातलेलं नाही. त्यामुळे तुमचं शांत असणं म्हणजे नेमकं काय प्रकरण होतं, याची त्यांना कल्पना नाही.

मला आहे. जन्म कधीचा, गाव कुठलं, नोकरी किती वर्षं, हे सगळं नितीनने पेपरात दिलेल्या चार ओळींत येऊन गेलं. तुमच्या मुलाने तुमचं नाव बरोबर छापून घेतलं, फोटोत मात्र तुम्ही कुणाच्या तरी लग्नात जिलबी खाताय. त्याचाही इलाज नव्हता. गेल्या तीन वर्षांतल्या बाकी सगळ्या फोटोंत तुम्ही टॅबलेटात मान घालून बसलेले आहात आणि फक्त टक्कल दिसतंय.

तो खेळ घरात आणला नितीननेच. कुठल्याशा सेलमध्ये त्याने टॅबलेटवर उतरवून घेतला, वीस मिनिटं खेळला आणि "यात काही होतच नाही यार" म्हणून टॅबलेट सोफ्यावर टाकला. तो तुम्ही उचललात तो उचललातच. सतराव्या शतकातला अरबी समुद्र, आपण एक व्यापारी. एका बंदरात माल भरायचा, दुसऱ्या बंदरात नेऊन उतरवायचा, आणि मधल्या वेळात नकाशावर शेंगदाण्याएवढं जहाज सरकताना बघत राहायचं. लढाया नाहीत, राजे नाहीत, जिंकणं-हरणंही नाही. तुम्ही आयुष्यभर कंपनीच्या कँटीनचं स्टोअर सांभाळलं. माल आला, माल गेला, माल कुजला नाही, म्हणजे दिवस चांगला गेला. निवृत्तीनंतर कुणीतरी तुम्हाला अख्खा समुद्र स्टोअर म्हणून दिला होता.

मी मात्र तुमच्या अगदी उलटी. माझी नोकरीच घाईची. लोकांच्या फोनमधली अ‍ॅप तपासायची आणि एखादं पान उघडायला दोन सेकंदांहून जास्त लागले की ते बनवणाऱ्यांवर ओरडायचं. घाटकोपरची मुलगी, माहेरी सगळेच भरभर बोलणारे आणि भरभर जेवणारे. लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा तुम्हाला एक पोळी संपवायला लागणारा वेळ बघून मला वाटलं होतं की तुमची दाढ दुखतेय. पहिल्याच आठवड्यात मी तुम्हाला डेंटिस्टचा नंबर आणून दिला होता. तुम्ही तो चष्म्याच्या डबीत जपून ठेवला होतात, परवा मला सापडला.

आपली खरी ओळख झाली ती माझा पाय मोडल्यावर. सोसायटीच्या लॉबीत कुणीतरी साबणाच्या पाण्याने फरशी धूत होतं आणि मी रिक्षा थांबलीय म्हणून धावत होते. सहा आठवडे प्लास्टर. हॉलमध्ये टीपॉयवर पाय ठेवून मी लॅपटॉपवर काम करायची आणि समोरच्या खुर्चीत तुमचा समुद्र चालू. चार दिवस मी गप्प बसले. तुम्हाला माहीत आहे, चार दिवस म्हणजे माझ्या मानाने तपश्चर्या.

पाचव्या दिवशी मी म्हटलं, "अण्णा, हे जहाज मघापासून तिथेच आहे."

"तिथे नाही. मघाशी ते रत्नागिरीसमोर होतं. आता दाभोळ आलं."

"अहो, पण ते कोपऱ्यात दोन बाण आहेत बघा. ते दाबा. वेळ भरभर जातो. दोन मिनिटांत मस्कत."

तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत, मग माझ्या पायाकडे. "तुका घाय कसली गो? पाय तर मोडून बसलंस."

दुसऱ्या दिवशी बघते तर स्क्रीनच्या त्या कोपऱ्यात काळी इन्शुलेशन टेप चिकटवलेली. दोन बाण गायब. टॅबलेटवर टेप लावणारा माणूस मी नोकरीत कधी पाहिला नव्हता आणि माझ्या ऑफिसातल्या कुणी पाहिला असेल असं वाटत नाही. मी विचारलं, हे काय. तुम्ही म्हणालात, "समुद्राक बटण नसता." विषय संपला. त्या टेपवरून आपण पुढची तीन वर्षं भांडलो आणि ते भांडण अजून सुटलेलं नाही. माझं म्हणणं आजही तेच आहे की बनवणाऱ्याने बटण दिलंय ते वापरायला दिलंय. तुमचं म्हणणं होतं की बनवणारा मुंबईचा असेल.

पण टेप ही काहीच नव्हे. खरा कहर नारळी पौर्णिमेचा.

कोकणातला माणूस पावसाळ्यात होडी पाण्यात घालत नाही. पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा आणि मग निघायचं. हे मला माहीत होतं, आईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तुम्ही हे टॅबलेटातही पाळाल हे कुणाला माहीत होतं? खेळात ज्येष्ठ लागला की तुमची पाचच्या पाच जहाजं बंदरात. दोर बांधून. खेळात तसा काही नियम नव्हता, पाहिजे तर वादळात जा असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. तुम्ही जायचा नाहीत. दोन-अडीच तास स्क्रीनवर नुसतं बंदर आणि त्यावर पडणारा पाऊस. तुम्ही तळाला तेल लावायचा हुकूम द्यायचात, शिडं शिवायचा हुकूम द्यायचात आणि बघत बसायचात. मी समोरून ओरडायची की अण्णा, हे बघवत नाही. तुम्ही म्हणायचात, मग तू तुझ्या कामाकडे बघ.

मग पौर्णिमा यायची. तुम्ही स्वयंपाकघरातून खरा नारळ आणायचात, टॅबलेटला कुंकू लावायचात आणि बाल्कनीच्या उंबऱ्यावर नारळ फोडायचात. खेळातलं एक वर्ष आपल्या आठ-दहा दिवसांत संपायचं. म्हणजे महिन्यातून तीनदा नारळी पौर्णिमा, आणि फोडलेला नारळ वाया घालवायचा नाही हा आईंचा नियम, म्हणून महिन्यातून तीनदा नारळीभात. मार्गशीर्षात नारळीभात, होळीला नारळीभात. शेवटी आई एकदा म्हणाल्या, "अहो, त्या समुद्राला सांगा की वर्षातून एकदाच खवळ, माझे गुडघे नारळ खवून गेले." नितीनचं वजन त्या वर्षी चार किलो वाढलं. डॉक्टरांनी त्याला कारण विचारलं आणि त्याला सांगता येईना.

आणि ते पत्र. नकाशात तुमच्या गावची खाडी नव्हती, याचा तुम्हाला जो राग आला होता तो मी दुसऱ्या कुठल्याही बाबतीत पाहिला नाही. तुम्ही सांगत गेलात आणि मी खेळाच्या कंपनीला मेल लिहिली. सुरुवात "रिस्पेक्टेड सर" अशीच हवी होती. खाडीच्या तोंडाशी दोन खडक आहेत, उजवीकडून यावं, डावीकडून आल्यास फळी फुटेल, हेही लिहायला लावलंत. मी म्हटलं, हे लोक परदेशात बसलेत, त्यांना काय करायचंय. दहा दिवसांनी उत्तर आलं, कॅप्टन, आपल्या माहितीबद्दल आभार, असं दोन ओळींचं. ते यंत्राने पाठवलं होतं हे मला पहिल्या शब्दावरून कळलं. मी सांगितलं नाही. तुम्ही त्याची प्रिंट काढून लॅमिनेट करून आणलीत आणि निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या घड्याळाशेजारी लावलीत. परवा विक्रोळीच्या चौघांनी ती वाचली आणि त्यातले एकजण म्हणाले, "आम्हाला माहीतच नव्हतं हा नौदलात होता." मी तेव्हाही सांगितलं नाही.

आता श्रावणाचं. टाळता येत नाही.

माझं प्लास्टर निघालं होतं, मी खुर्चीच्या जवळ येऊन बसायला लागले होते, आणि तुम्हाला देवळाच्या कामासाठी आठ दिवस गावाला जावं लागलं. तुम्ही मला आरमाराचा चार्ज दिलात. हा तुमचाच शब्द, चार्ज. सोबत वहीचं एक पान, त्यावर सूचना. पहिली, टेप काढू नये. दुसरी, पौर्णिमेपर्यंत जहाजं हलवू नयेत. तिसरी, खलाशांना वेळेवर तांदूळ द्यावा. मी तांदूळ दिला. बाकी दोन्ही मोडल्या. मला वाटलं, तुम्ही परत याल तेव्हा तुम्हाला दाखवावं की घाई केली तर किती पुढे जाता येतं. टेप नखाने उचलली, दोन बाण दाबले आणि ऐन श्रावणात "सुनंदा" मस्कतला सोडली. सुनंदा म्हणजे तुमचं सगळ्यात मोठं जहाज, ज्याला तुम्ही आईंचं नाव दिलं होतं. माझा चहा पिऊन व्हायच्या आत ती बुडाली.

तुम्ही परत आलात, पिशव्या ठेवल्यात, टॅबलेट उघडलात. मी बचावाचं भाषण तयार ठेवलं होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "माणसां किती होती?"

"चौतीस," मी म्हटलं.

तुम्ही मान हलवलीत आणि आंघोळीला गेलात. पुढचे तीन दिवस तुम्ही मासे खाल्ले नाहीत. त्यात रविवार होता, आणि आईंनी पापलेट आणलं होतं. तुम्ही वरणभात खाल्लात. एक शब्द बोलला नाहीत. अण्णा, माझ्या वडिलांनी मला लहानपणी पट्टीने मारलंय, ते परवडलं. तिसऱ्या दिवशी मीच येऊन म्हटलं की चुकलं, आणि ते खेळातले खलाशी आहेत हे माहीत असूनही मला रडू आलं. तुम्ही म्हणालात, "ठीक आहे. आता टेप नीट चिकटव." आई मात्र आतून म्हणाल्या, "पुन्हा माझं नाव देऊ नका बोटीला. जिवंत होते तोवर सुकट भरलीत, नंतर सुनेकडून बुडवलीत."

लोक म्हणतात तो शांतपणा तो हा. मी त्याला मान हलवते, पण मनातून हात जोडते.

त्यानंतर तुम्ही मला शिकवायला घेतलंत. शिकवलंत म्हणजे काय, काहीही शिकवलं नाहीत. जहाज सुटलं की भाजीची पिशवी माझ्यासमोर ठेवायचात. दाभोळ ते मस्कत, चाळीस मिनिटं, म्हणजे एक किलो मटार. गोवा ते मलाक्का म्हणजे मेथीच्या दोन जुड्या आणि वर पाव किलो लसूण. हात चालू राहायचे म्हणून माझा जीव जागेवर राहायचा, आणि हात चालू असले की तोंडही चालू राहतं. त्या चाळीस-चाळीस मिनिटांत मला कळलं की तुमच्या वडिलांची गिरणी बंद झाली तेव्हा तुम्ही दहावीत होतात आणि तुम्हाला खरं तर बोटीवर जायचं होतं, पण घरी ताबडतोब पगार हवा होता, म्हणून कँटीन. हे नितीनलाही माहीत नव्हतं. आणि तुम्ही मला विचारलंत की मी दिवसभर नेमकं काय काम करते. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मी सांगेपर्यंत कुणी थांबलं नसतं. तुम्ही मस्कत येईपर्यंत ऐकलंत. मग म्हणालात, "म्हणजे तू पण स्टोअरच सांभाळतेस. खराब माल बाहेर जाऊ द्यायचा नाही."

मला तो खेळ आवडायला लागला होता, अण्णा. कधीपासून ते सांगता येणार नाही. ऑफिसची मीटिंग लांबली की मला चुकल्यासारखं व्हायचं, वाटायचं की एव्हाना जहाज सुरतेला लागलं असेल. पण तुम्ही विचारलंत की मी म्हणायची, मी फक्त मटार सोलायला बसते. एकदा घरात मटार नव्हते तरी बसले आणि सोललेलाच लसूण पुन्हा निवडत राहिले. तुम्ही बघितलंत. मी तुम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही की मला आवडतं. हरल्यासारखं वाटलं असतं. आता सांगते, आवडायचं. फार आवडायचं.

नवीन जहाज बांधायला तुम्ही सात नारळी पौर्णिमा घेतल्यात. झालं तेव्हा मी नाव बघितलं. "अनघा." मी म्हटलं, आई नको म्हणाल्या म्हणून माझं का? तुम्ही म्हणालात, "तुला घाई असते ना. जरा समुद्रावर फिरून ये." आणि त्यात तुम्ही विड्याची पानं भरलीत. मी थक्क. कँटीनच्या माणसाने नाशवंत माल? तुम्ही मला पहिल्या दिवसापासून सांगत आला होतात की मीठ भर, सुपारी भर, काथ्या भर, कुजणारी वस्तू समुद्रात घालू नये. तुम्ही म्हणालात की ह्या जहाजाला वाटेत कुठे थांबायचं नाही, थेट मस्कतला जायचंय, पानं ताजी पोचतील.

जहाज दाभोळहून सुटून दहा मिनिटं झाली नाहीत तोच तुम्हाला श्वास लागला आणि टॅबलेट बंद झाला.

हॉस्पिटलमधले ते सोळा दिवस मी इथे लिहिणार नाही, ते आपल्या दोघांनाही आवडले नव्हते. फक्त एक सांगायचंय. पाचव्या दिवशी डॉक्टर नितीनला कॉरिडॉरमध्ये म्हणाले की आता किती दिवस ते सांगता येणार नाही. नितीन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी आत आले तर तुम्ही टॅबलेट पुढे धरलात आणि म्हणालात, "तेवढं मस्कत बघून घेऊ, मग बघू काय ते." तुम्ही सहज म्हणालात. माझ्या डोक्यात मात्र ते घुसलं आणि बसलं. मी शिकलेली बाई आहे, टेस्टिंगवाली आहे, पुरावा असल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. तरी त्या क्षणी माझी पक्की खात्री झाली की जोवर हे जहाज मस्कतला लागत नाही तोवर तुम्ही कुठे जात नाही.

टॅबलेट रोज संध्याकाळी चार्ज करायला घरी यायचा, कारण खोलीतला एकुलता एक सॉकेट शेजारच्या पेशंटच्या भाच्याने अडवलेला होता. त्या संध्याकाळी मी जहाज उघडलं, मस्कत दोन बोटांवर आलं होतं, आणि मी त्याला वळवून पुन्हा दक्षिणेला सोडलं.

सकाळी तुम्ही नकाशा बघितलात. मी म्हटलं, "वारा उलटा होता, अण्णा."

"पौषात?" तुम्ही विचारलंत. थोडा वेळ बघत राहिलात. "असेल. हल्ली हवामान बदललंय."

दुसऱ्यांदा वळवलं तेव्हा मी चाच्यांवर ढकललं. तिसऱ्यांदा पाणी संपलं होतं म्हणून परत फिरावं लागलं. चौथ्यांदा खलाशी आजारी. खोटं बोलायची मला सवय नाही, मी तोंडावर बोलणारी. पण तुम्ही प्रत्येक वेळी इतक्या गंभीरपणे मान हलवायचात की मला वाटायचं, झकास जमतंय मला. आई डबा घेऊन यायच्या, त्यांनी एकदा विचारलं, "अजून तिथेच?" तुम्ही त्यांना समजावून सांगितलंत की चाचे फार माजलेत.

पंधराव्या दिवशी दुपारी मी ऑफिसच्या कॉलसाठी बाहेर गेले होते. परत आले तेव्हा तुम्ही टॅबलेट बंद करून उशाशी ठेवला होता. म्हणालात, "घरी ने. उद्या आणू नकोस, उगाच ओझं." मला वाटलं, दमलात. तुमच्या पायांवर चादर नीट केली आणि निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नितीनचा फोन आला.

तेव्हापासून मी तुमच्यावर चिडलेले होते. मी इतकी फसवाफसवी करून जहाज अडवून धरलं आणि तुम्ही मस्कतची वाट न बघता निघून गेलात. ठरलं होतं ना आपलं. निदान माझ्या बाजूने ठरलं होतं.

काल नितीन म्हणाला, टॅबलेट आता साफ करून ठेवूया. मी म्हटलं, थांब, एकदा बघते. खेळाच्या आत एका कोपऱ्यात जहाजाची रोजनिशी असते. आपल्या कुठल्या तारखेला, किती वाजता जहाजाला कुठला हुकूम दिला, सगळं ओळीने लिहिलेलं. तीन वर्षांत मी ती कधी उघडली नव्हती, वाचायला धीर कुणाला होता. काल उघडली. "अनघा"ला मी परत फिरवलं चार वेळा. रोजनिशीत ती सात वेळा फिरली होती.

मी दोनदा मोजलं. मग एकेक ओळ लावून बघितली. चाच्यांच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एक वळण. माझी बॉसशी जुंपली होती आणि मी तासभर जिन्यात होते, तेव्हा एक. खलाशी आजारी पडले त्याच्या आदल्या दिवशी एक, त्या दिवशी मी परत आले तर मस्कत लांब गेलेलं दिसलं होतं, आणि तुम्ही म्हणाला होतात की वारा पडलाय. मी विश्वास ठेवला होता. मला खरंच वाटलं होतं की वारा पडला.

तुम्हाला सगळं कळत होतं. पौषातला वारा कुणीकडून वाहतो हे तुम्हाला कळत नसेल असं मला वाटलंच कसं? मी डोळ्यांत डोळे घालून थापा मारत होते आणि तुम्ही माझ्या थापा संपल्या की आपल्या पदरची एक घालत होतात. कँटीनच्या माणसाने भरलेली पानं, कुजणारा माल, आणि तुम्ही ते जहाज समुद्रात गोल गोल फिरवत होतात, मी रोज येऊन बसावं म्हणून.

त्या सातांच्या खाली रोजनिशीत आणखी एक ओळ होती. ती शेवटची. तो हुकूम परत फिरायचा नव्हता. थेट मस्कत, कुठेही न थांबता. पंधरावा दिवस, दुपार, मी कॉलवर.

मग आईंना हाक मारली आणि आम्ही दोघी हॉलमध्ये बसलो. जहाज खेळातल्या दोन दिवसांच्या वाटेवर होतं. मी काही दाबलं नाही. आईंना तीन वर्षांत पहिल्यांदा तो शेंगदाणा सरकताना दिसला, त्या म्हणाल्या, "हलतंय की." एकदा माझा हात वळवायला पुढे गेला होता. वळवलं नाही.

मस्कत आलं. धक्क्याला लागल्या लागल्या पाटी आली की निम्म्याहून जास्त पानं कुजली आहेत. आईंनी विचारलं काय लिहिलंय, मी सांगितलं.

"ह्यांच्या हातून माल कुजला?" त्या म्हणाल्या. "शक्य नाही. ह्यांच्या स्टोअरमधून कधी बिस्किटाचा पुडा वाया गेला नाही."

"कुजला, आई. मुद्दाम कुजू दिला."

"कुणासाठी?"

मी स्क्रीनवर जहाजाच्या नावावर बोट ठेवलं. आईंनी चष्मा लावला, टॅबलेट जवळ घेतला आणि एकेक अक्षर लावून माझं नाव वाचलं. मग टॅबलेट माझ्या मांडीवर परत ठेवला.

"बरं," त्या म्हणाल्या. "उरलेली तरी उतरव."